मंजुरीआधीचा मलिदा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मध्ये थांबावं लागणार नाही. मी जे करून बसले, ते आजवर आमच्या समाजात कोणी केल्याचं ऐकिवात नाही.

मी रिबेका. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. मुलुंडला आमच्या समाजाची एक लहानशी संस्था आहे. एकट्या म्हाताऱ्यांना डबे पोचवायचे, मुलांना हिब्रू शिकवायचं, कोणी आजारी पडलं तर डॉक्टरकडे न्यायचं. मी तिथली सगळ्यात जुनी. स्वभाव बारकाईचा, रोज डायरी लिहिते, कोणाच्या डब्यात मीठ कमी हवं ते तोंडपाठ. अशी बाई चूक करेल असं वाटतं का तुम्हाला? मलाही वाटलं नव्हतं.

संस्थेत शेरॉन आणि डॅनियल ही दोन पोरं शिकाऊ म्हणून आली होती. शेरॉनला मालाडच्या एका कंपनीने कमी केलं होतं, डॅनियलला तर कोणी घेतलंच नव्हतं. परदेशातली एक देणगीदार संस्था त्यांचा पगार द्यायची आणि त्यांना शिकवायची. संस्था कशी चालवावी, मदत कशी मागावी, माणसं कशी जोडावीत, असं सगळं. आम्ही म्हातारे झालो की हेच बघणार होते ना!

मग मंदी आली. तिकडच्या लोकांनी ‘पुढच्या वर्षाचं कळवतो’ असं सांगितलं आणि गप्प बसले. प्रशिक्षण बंद झालं तर ही पोरं दुसरीकडे नोकरी शोधणार आणि आमचे डबे बंद पडणार. मी सरळ नवस बोलले.

आमचा नवस असतो एलियाहू हन्नाबीला, आमच्या संदेष्ट्याला. नवस पुरा झाला की मलिदा करायचा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं. प्रार्थना म्हणायची, आभार मानायचे आणि सगळ्यांनी मिळून खायचं. नवस पुरा झाल्यावर, बरं का. हे लक्षात ठेवा.

एक दिवस फोन आला. देणगीदारांचे आयझॅकसाहेब बोलत होते. “तुमच्या प्रशिक्षणाबद्दल निर्णय झालाय. मी भारतात येतोच आहे. अशी गोष्ट समोर बसून सांगायला हवी.”

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे समोर बसून काय सांगतात? वाईट बातमी फोनवर येते, तीही अर्ध्या मिनिटात. लग्न ठरलं, मुलगा झाला, जागा मिळाली, की माणूस पेढे घेऊन दारात येतो. हा माणूस तर समुद्र ओलांडून येत होता! वर म्हणाला, “मुलांसाठी थोडी चॉकलेटं आणतोय.”

मी फोन ठेवला आणि पोहे आणायला गेले.

“मावशी, त्यांनी मंजूर झालं असं म्हटलं का?” शेरॉनने विचारलं.

“चॉकलेटं आणतोय तो.”

“पण तसं म्हटलं का?”

“तू लहान आहेस गं. माणसाच्या आवाजावरून कळतं.”

रविवार ठरला. संस्थेच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या सावंतवहिनी नारळ खवायला बसल्या. “रिबेका, आणखी किती नारळ फोडूचे? सगळ्या मुलुंडाक जेवूक बोलयलंस काय?” बोलावलंच होतं. दहा पुरुष जमल्याशिवाय आमची सामूहिक प्रार्थना होत नाही, म्हणून मी थेट ठाण्यापर्यंत फोन केले. बायका आल्या, पोरं आली. डॅनियलने दारावर ‘मनःपूर्वक आभार’ असा फलकही लावला.

आयझॅकसाहेब आले. फलक बघून त्यांनी मान डोलवली. मराठी कुठे वाचता येतंय! मी त्यांना शाल घातली. हझ्झानअंकलनी, म्हणजे आमच्यात प्रार्थना चालवतात त्यांनी, खड्या आवाजात सगळी प्रार्थना म्हटली. मग मलिदा वाटला. साहेबांना इतका आवडला की त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतला. मी स्वयंपाकघरात आणखी काढायला गेले, तेवढ्यात शेरॉन मागोमाग आली. चेहरा पांढराफटक.

“मावशी, साहेबांनी मला विचारलं, हे कशाबद्दल आहे.”

“मग? सांगितलंस ना?”

“सांगितलं. तुम्ही आमचं प्रशिक्षण चालू ठेवलंत म्हणून. त्यांचा घास तोंडातच राहिला.”

“का?”

“ते बंद करायला आलेत, मावशी. तिकडे वाईट बातमी समोर बसून सांगतात.”

“आणि चॉकलेटं?”

“आम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

माझ्या हातातली पळी पोह्यांत उभीच राहिली. सावंतवहिनी म्हणाल्या, “काय गो झाला? तोंड कित्याक उतरला?” बाहेर सगळा समाज, आत मी, आणि मधे तो शाल पांघरलेला माणूस.

हझ्झानअंकल दारात आले. त्यांना कळलं होतं. “रिबेका, नवस पुरा झालेला नाही. मग हा मलिदा कसला?”

मला काय झालं कोण जाणे, मी ताठ उभी राहिले. “अंकल, मलिदा तर खाऊन झाला. परत कोणी काढून देणार आहे का? मी माझं आधी दिलंय. आता त्याने त्याचं द्यावं.”

“एलियाहूला आगाऊ देणारी तू पहिलीच,” म्हणाले, आणि चक्क हसले.

शेरॉन मात्र हसली नाही. ती बाहेर गेली आणि खुर्चीवर चढली. “ऐका. प्रशिक्षण बंद झालंय. पण आम्हाला मदत मागायला शिकवलंय, तेव्हा मागते. आम्ही कुठे जात नाही. डबे चालू राहणार. आता ज्यांनी ज्यांनी मलिदा खाल्लाय त्यांनी सांगा, कोण काय देणार?”

खाल्ला तर सगळ्यांनीच होता. एकाने डब्यांसाठी टेम्पो दिला. एकीने दुकानाच्या मागची खोली दिली. दोघांनी मिळून पोरांच्या पगाराची जबाबदारी घेतली. शेवटी शेरॉन साहेबांकडे वळली आणि इंग्रजीत म्हणाली, “सर, तुम्ही दोनदा खाल्लात.” आता दर रविवारी ते तिकडून, व्हिडिओवर, फुकट शिकवतात.

डबे चालू आहेत. शेरॉन संस्था चालवते. दोन नवी पोरंही शिकायला आलीत. त्यांच्या पहिल्या तासाला ती मला उभी करते आणि हा किस्सा सांगायला लावते. विषय असतो, पाहुणा कशाला येतोय ते आधी विचारणे.

मी तिथली सगळ्यात जुनी, सगळ्यात बारकाईची. पण संस्थेत फोन वाजला की कालची आलेली पोरगी धावत येते, माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेते आणि म्हणते, “मावशी, तुम्ही नको.”