व्हेरी ब्लीडिंग

"व्हेरी ब्लीडिंग!" डॉक्टरनं मी लिहिलेली पेशंटची फाईल वर धरून मोठ्यानं वाचलं. "ऐका काका, आमच्या सिस्टरचं इंग्रजी ऐका."

केबिनमधे त्याचा चुलता चहा पीत बसलेला. गावचा पुढारी. हसला तो. बशीतला चहा सांडस्तोवर हसला. मी दारात उभी. दोन्ही हाताला रगत, पुसायला सवड न्हाई.

"सर, चला ना. तीन नंबरची बाई लई..."

"थांब. व्हेरीच्या पुढं काय येतं?"

ती बाई दुपारी बाळंत झालती. पोरगी झालती. बाई माझ्याच वयाची, सातव्या महिन्यापर्यंत उसाच्या फडात कोयता चालवलेली. वार पडली, डॉक्टर केबिनमधे गेला आन् अर्ध्या तासात तिला रगत सुरू झालं. थांबंना. पॅड भिजलं, दुसरं भिजलं, चादर भिजली. मी पोटावरून गर्भाची पिशवी चोळली, इंजेक्शन दिलं, सलाईन पूर्ण सोडली. त्याला दोनदा बोलवायला गेलते. आला न्हाई. तोंडी सांगायचं न्हाई, इंग्रजीत लिहून आणायचं, हा त्याच्या दवाखान्याचा नेम. मग लिहिलं घाईघाईत. डोक्यात 'लई रगत जातंय' होतं, तेच कागदावर उतरलं.

आमचं लई कुठंबी चालतं. लई हुशार, लई रगत, लई दुखतंय, लई मारलं. व्हेरीचं तसं न्हाई. त्याला पुढं विशेषण लागतं. लाल, मोठं, वाईट, असलं कायतरी. नुसत्या रगताला व्हेरी लागत न्हाई. आज मला हे पक्कं ठाऊक हाय. कसं शिकले तेच सांगतेय.

"ऊसतोड्यांच्या कोपीत वाढलेल्या पोरींना नर्स केलं की असं होतं," डॉक्टर म्हणला. "भरपूरला प्रोफ्यूज म्हणतात. म्हण, प्रोफ्यूज ब्लीडिंग."

मी म्हणले. हो, म्हणले! आजबी त्याची लाज वाटते मला. बाई तिकडं मरायला टेकलेली आन् मी इथं हात बांधून म्हणले, "प्रोफूज."

"प्रोफ्यूज, गाढवे!"

फाईलचा पुठ्ठा त्यानं माझ्या तोंडावर हाणला. त्याच्या लोखंडी चापानं भुवई फाटली. डोळ्यात रगत उतरलं.

"परत म्हण."

तेवढ्यात वार्डातून बाईची सासू वरडली, "अगं सिस्टर, धाव गं! माझी सून पांढरी पडली!"

माझं टाळकंच फिरलं. टेबलावरचा ट्रे उचलला आन् भिंतीवर आपटला. कपबशा फुटल्या. चुलत्याच्या पांढऱ्या कपड्यावर चहा उडाला. मी डॉक्टरची कॉलर धरली. तो माझ्या दीडपट. पण मी डोक्यावर उसाच्या मोळ्या वाहिलेली पोरगी हाय. ओढतच नेला त्याला. माझ्या हातावर बुक्क्या मारत होता, "सोड, रांडे" म्हणत होता.

"लई रगत जातंय! लई! मराठीत तरी कळतंय का तुला?" वार्डाच्या दारापर्यंत मी हेच वरडत गेले.

फरशीवरचं रगत बघितल्यावर तो हातमोजे शोधायला लागला. मग पळापळ, गाडी, बीडच्या मोठ्या दवाखान्याचा रस्ता. गाडीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. "पोरगीला पाजलं का?" एवढंच विचारलं तिनं. मांजरसुंब्याचा घाट संपायच्या आत ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरनं बोलावलं. गोड बोलला. कोरा कागद पुढं सरकवला. "कालची नोट नवीन लिही. पेशंट वॉज व्हेरी स्टेबल. सासूनंच हट्टानं हलवली, असं."

व्हेरी स्टेबल. पुढं विशेषण हाय, एक चूक न्हाई. आन् अख्खं वाक्य खोटं.

"का म्हणून लिहू?" मी विचारलं.

"तुझ्या बापाला याच गावात राहायचंय," चुलता दार लावून घेत म्हणला.

मी कागद फाडला. डॉक्टरनं माझे केस धरून तोंड टेबलावर आपटलं. पुढचा दात तुटला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा आपटलं. मी लिहिलं न्हाई. तोंडातलं रगत त्या दोघांच्या समोर टेबलावर थुंकले आन् दार उघडून बाहेर पडले. खऱ्या नोटचा फोटो मी गाडीत बसायच्या आधीच मोबाईलमधे काढला होता. गाडी येईस्तोवर मी त्यात वेळा घातल्या होत्या; बोलवायला कधी गेले, तो कधी आला, सगळं त्यात हाय.

आता डॉक्टरवर केस उभी राहिलीय. नोकरी गेली. रोज कोण ना कोण समजवायला येतं. परवा आमच्या पत्र्यावर दगड पडले, बापाच्या खांद्याला लागला. साक्षीला उभी राहिले की त्यांचा वकील माझं इंग्रजी काढणार. काढू दे. मी मराठीत सांगणार, त्या बाईचं नाव घेऊन सांगणार. आन् त्याच्या आधी मला कुणी संपवलंच, तर फोटोच्या प्रती आईजवळ हायत. तिला बजावून ठेवलंय, माझ्यापाशी रडत बसू नको, आधी त्या घेऊन कोर्टात जा.