देवी निजली होती तेव्हा

फुप्फुस बदलून वर्ष होत आलं आणि माझा श्वास पुन्हा अपुरा पडू लागला. येडशीच्या घरी मी रोज यंत्रात फुंकायची आणि आकडा उतरतच चालला होता. अंगात ताकद यावी म्हणून जाऊबाईंनी मायेनं गुळवेलीचा काढा सुरू केला होता. हैदराबादच्या डॉक्टरांनी फोनवर आधी तो बंद करायला सांगितला. माझ्या शरीराची राखण करणारी शक्तीच नव्या फुप्फुसाला परकं समजून त्याच्यावर उठली होती. तिला जोर नको, झोपवायला हवं, भरती व्हा, म्हणाले. मी घाबरले. राखणदारच झोपला तर साधा सर्दी-खोकलाही मला घेऊन जाईल. जन्मभर जगदंबेला ‘शक्ती दे’ म्हणत आले, आता काय मागू? खरं सांगायचं तर मी तिच्यावर रुसलेच होते.

हैदराबादला जाताना तुळजापुरात यांनी गाडी थांबवली. मला गर्दीत जायची बंदी, म्हणून हे एकटेच महाद्वारापर्यंत गेले. मी मास्क लावून, काच जराशी खाली करून बसले. शेजारच्या सावलीत परडी घेतलेली एक म्हातारी टेकली होती. मी हात जोडून पुटपुटले, “आई, जागी राहा गं.” ती हसली.

“आता कुठली जागी, बाई? निजलीय ती. घट बसंपर्यंत पलंगावरच हाय.”

नवरात्राआधी देवीला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. दुखण्याच्या नादात मी पार विसरले होते.

“मग तोवर आपल्याला कोण बघतं, आजी?”

“निजली म्हणून आई न्हाय व्हय ती? लई जागलीस वाटतं. नीज तू बी.”

पुढचं मला नीट सांगता येत नाही. नळदुर्ग, उमरगा कधी मागं पडलं कळलं नाही. खिडकीबाहेर पिकायला आलेलं सोयाबीन पिवळं पिवळं वाहत होतं आणि मी कुठल्याशा मोठ्या पलंगाच्या कडेला पडले होते. शेजारी कुणीतरी संथ श्वास घेत होतं. माझा श्वास हळूहळू त्याच्या लयीत गेला. जाग आली तेव्हा शहर आलं होतं आणि भीती उरली नव्हती.

सलाईनमधून औषध सुरू झालं, तेव्हा छातीवर हात ठेवून मी आतल्या राखणदारणीला म्हटलं, “नीज बाई आता. हे परकं नाही, आपलंच आहे.”

गेलेला श्वास सगळा परतला नाही, पण घसरण थांबली. ती म्हातारी कोण, हे मी कधी शोधलं नाही. शरण जाणं म्हणजे हरणं, असं मला वाटायचं. विश्वासानं डोळे मिटणं हेही शरण जाणंच, हे त्या प्रवासात कळलं. आता सकाळचा पहिला नमस्कार मी त्या अनोळखी घरच्या माणसांना करते, ज्यांनी आपलं माणूस गेल्याच्या दुःखातही मला श्वास दिला. दुसरा देवीला. ती आई आहे, रागवायची नाही.