खालची ओळ

तुम्ही शेवटचा जो मेसेज पुढे पाठवलात, तो कोणी लिहिला होता, सांगता येईल? तुम्हाला कोणी पाठवला ते विचारत नाहीये मी. लिहिला कोणी?

मलाही सांगता आलं नव्हतं. आणि मी तर पत्रकांवर वाढलेली मुलगी. आमच्या घरात गाद्यांखाली, कपाटावर, पिठाच्या डब्याशेजारी पत्रकांचे गठ्ठे असायचे. जमिनीचा मोबदला, तळोज्याच्या कारखान्यांनी नाल्यात सोडलेलं पाणी, हुंडा, बुवाबाजी. विषय बदलायचे, कागद मात्र तोच स्वस्तातला, गुलाबी नाहीतर पिवळा. सुट्टीत वर्गातल्या मुली मामाकडे जायच्या, आम्ही दोघी बहिणी पत्रकांच्या घड्या घालायचो. पनवेलच्या एसटी स्टँडवर, चिरनेरला हुतात्म्यांच्या स्मारकापाशी, मी बाबांच्या मागे मागे पत्रकं वाटत हिंडले आहे. घेणारे त्यावर भजी ठेवून खायचे, तरी मी वाटायचे.

बाबांची एक सवय होती. कोणतंही पत्रक हातात आलं की ते आधी तळाशी बघायचे. तिथे बारीक अक्षरांत प्रकाशकाचं आणि छापखान्याचं नाव असतं. त्याला ते ‘खालची ओळ’ म्हणतात. ओळ असेल तर चष्मा लावून पूर्ण वाचायचे, मग त्यात त्यांच्याच नावाने शिव्या का असेनात. ओळ नसेल तर तो कागद आईकडे जायचा, शेगडी पुसायला. “बेल वाजवून पळणाऱ्यासाठी मी दार उघडत नाही,” असं म्हणायचे.

आता आम्ही सुकापूरला राहतो. पाच मजले, दोन विंग, चाळीस घरं. इमारत उभी आहे ती जमीन ज्यांच्या घराण्याची भातशेती होती, ते काका आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. ते तळमजल्यावर राहतात आणि पाण्याची मोटर त्यांच्याच हाताने सुरू होते. आमच्या समोरच्या दारात राहतात त्या मावशी डबे करतात, तळोज्यातल्या कामगारांसाठी. सकाळी साडेदहाला त्या स्कूटरवर पुढे-मागे क्रेट बांधून निघतात. स्कूटर इलेक्ट्रिक आहे. पार्किंगमधल्या खांबावर त्यांनी सोसायटीची परवानगी घेऊन, स्वतःच्या मीटरवरून एक प्लग बसवून घेतला होता. तीन वर्षं त्या प्लगकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग गच्चीवर सोलर बसवायचा विषय निघाला. लिफ्ट आणि पाण्याची मोटर त्यावर चालावी, एवढाच प्रस्ताव होता. त्या दिवसापासून सोसायटीच्या ग्रुपला जणू ताप भरला. सोलर पॅनेल ऊन पिऊन घेतं आणि सगळी उष्णता खालच्या घरात सोडतं. सोलर असलेल्या गच्चीवर हमखास वीज कोसळते. पॅनेलवरून ओघळलेलं पाणी तुळशीला घातलं तर तुळस जळते. बहुतेक सगळं पाचव्या मजल्यावरच्या काकांकडून यायचं. ते बँकेतून निवृत्त झालेत. नोकरीत असताना सहीशिवाय कागद पुढे सरकू न देणारा माणूस!

मी त्यांना लिहिलं, “काका, पॅनेलची स्लॅबवर सावली पडते. छत्री उघडली की तुम्हाला जास्त उकडतं का?”

उत्तरादाखल जोडलेले दोन हात आले आणि पाठोपाठ एक व्हिडिओ. त्यात एक स्कूटर धडाडून पेटलेली आणि लोक लांबून किंचाळताहेत. वर लिहिलेलं: ‘आत्ताची बातमी. सुकापूर. इलेक्ट्रिक स्कूटर पेटली. आपल्या माणसांना वाचवा.’

सुकापूर! म्हणजे खाली उतरून बघता आलं असतं. कोणी उतरलं नाही. मी व्हिडिओ चार वेळा पाहिला आणि ग्रुपवर लिहिलं, “यातल्या सगळ्या गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने धावताहेत. सुकापुरात हा नियम कधीपासून?”

बी विंगच्या एका काकूंनी लिहिलं, “वन-वे असेल गं.”

दुसऱ्या कोणीतरी लिहिलं, “आपले रिक्षावाले कुठूनही घालतात, त्यात काय.”

मी हसलेसुद्धा. मग तिसरा मेसेज आला, “कुठलं का असेना, काळजी घेतलेली बरी,” आणि त्यावर एकवीस अंगठे पडले. माझं डोकं तडकलं ते या वाक्याने. कुठलं का असेना? अहो, ते कुठलं आहे एवढाच तर प्रश्न होता!

दोन दिवसांनी मावशींच्या प्लगवर खाकी चिकटपट्टी फिरवलेली दिसली. वर कागद: ‘वापरू नये. आदेशावरून.’ कोणाच्या आदेशावरून, ते लिहिलेलं नव्हतं.

मावशी आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “काय गं, तीन वर्षं मी बाँबवर बसून फिरतेय म्हणे. मला बाई कोणी सांगितलंच नाही.”

त्यांनी थट्टा केली खरी, पण गाडी चार्ज करायची कुठे? खांदा कॉलनीत त्यांची बहीण राहते. संध्याकाळी तिथे स्कूटर ठेवायची, शेअर रिक्षाने परत यायचं, सकाळी भाजी फोडणीला टाकून पुन्हा गाडी आणायला जायचं, असं सुरू झालं. कारखान्यात जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. ती संपल्यावर पोचलेला डबा कोण खाणार? आधी दोघांनी डबा बंद केला, मग आणखी तिघांनी. एका दुपारी त्या न उघडलेला डबा घेऊन थेट आमच्याकडे आल्या. वांग्याची भाजी होती. “आज तुम्ही खा. गेटवरून परत आलाय. अजून दहा जण तुटले ना, तर मला बंदच करावं लागेल बघ.”

मी त्याच दुपारी पत्रक लिहायला बसले. मथळा दिला, ‘खोटेपणाच्या नावानं चांगभलं!’ सोलरची सावली, उजव्या बाजूच्या गाड्या, चिकटपट्टी, सगळं लिहिलं. शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं, ‘इलेक्ट्रिक वाहनाला आग कधीच लागत नाही.’ आई मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, “छान झालंय. पण नाव घालू नकोस. मोटर कोणाच्या हातात आहे, विसरू नकोस.”

मला खूप राग आला आणि मी नाव घातलं नाही. तळाशी लिहिलं: ‘एक जागरूक रहिवासी.’ तेव्हा मी स्वतःला सांगितलं की मुद्दा महत्त्वाचा, माणूस नाही. खरं म्हणजे मला आंघोळीच्या पाण्याची काळजी होती.

सकाळी सहाला चाळीसही दारांखालून पत्रकं सरकवली. संशय नको म्हणून आमच्याही. आंघोळ करून बाहेर आले तर बाबांच्या हातात ते होतं. त्यांनी तळाशी पाहिलं, कागदाची घडी घातली आणि स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर ठेवली. आईने माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि त्यानेच शेगडीवर सांडलेला चहा पुसला.

रविवारी पार्किंगमध्ये सभा भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मध्ये मावशींची स्कूटर, आरोपीसारखी. अध्यक्षकाकांनी माझं पत्रक वर धरलं.

“ह्यो कागद कोनी टाकला?”

“कंपनीवाले टाकतात असे,” पाचव्या मजल्यावरचे काका म्हणाले.

“कंपनीला आपली घरं कुठून माहीत?” बी विंगच्या काकू म्हणाल्या. “ज्यांना गरज आहे त्यांनीच छापून घेतलं असणार.” आणि त्या मावशींकडे बघत राहिल्या.

मावशी म्हणाल्या, “मी डबे भरते हो. कागद छापायला मला वेळ कुठाय?”

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे दादा उठले. ते तळोज्यातल्या एका कारखान्यात सुरक्षेचं काम बघतात, आणि ग्रुपवर कधीही काही लिहीत नाहीत. म्हणाले, “यात लिहिलंय की आग कधीच लागत नाही. हे खोटं आहे. बॅटरीला लागलेली आग मी स्वतः विझवली आहे. क्वचित लागते, पण लागली तर सहज विझत नाही. कोणी लिहिलंय हे? कशावरून लिहिलंय?”

कशावरून? एका मैत्रिणीने फोनवर चित्र पाठवलं होतं. हिरवी पानं, पांढरी स्कूटर आणि हे वाक्य. मला हवं तेच त्यात होतं, म्हणून मी उचललं. ते चित्र कोणी बनवलं, हे मी विचारलं नव्हतं. पाचव्या मजल्यावरच्या काकांत आणि माझ्यात तेवढ्यापुरता काहीच फरक नव्हता.

“बघा,” बी विंगच्या काकू म्हणाल्या, “खोटंही लिहायचं आणि नावही नाही द्यायचं. मावशी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.”

मावशींनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटतं, त्यांना माहीत होतं. त्यांनी पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी उभी राहिले. “मी लिहिलंय. मावशींचा काही संबंध नाही. ते शेवटचं वाक्य मी तपासलं नव्हतं. ते चूक आहे.”

अध्यक्षकाकांनी कागद खाली केला. “तू? अगो पोरी, तुज्या बापाच्या कागदाला नाव असतंय. तुज्या कागदाला का नाय?”

मोटरचं कसं सांगणार?

“आमी काय येडे हाव काय?” ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. “तळोज्यावरनं सकाळी वास येतो, डोले चुरचुरतात. तकरार केली का मानूस येतो, कागद देतो. ‘काय नाय, समदं ठीक हाय.’ त्याच्यावर बी सही नसते. तुजा कागद बी तसाच. ‘काय नाय, आग लागत नाय.’ मंग आमी कोनाचं ऐकाचं?”

“मग त्या प्लगवरच्या कागदावर सही कोणाची होती, काका?” मी विचारलं.

अध्यक्षकाका प्लगकडे वळले. मग म्हणाले, “माजीच पायजे होती.”

दादांनी तिथल्या तिथे पट्टी सोडवून प्लग तपासला. अर्थिंग ठीक, वायर जाड, वेगळा स्विच. धोका त्यांना दिसला तो भलताच. प्लगपासून हातभर अंतरावर कापसाची जुनी गादी उभी करून ठेवली होती. “पेटायची झाली तर आधी ही पेटेल. कोणाची आहे?”

ती पाचव्या मजल्यावरच्या काकांची होती. त्यांनी हात जोडले, या वेळी खरेखुरे.

दुसऱ्या दिवशी खांबावर नवा कागद लागला. प्लग वापरावा, आजूबाजूला सामान ठेवू नये, आणि खाली अध्यक्षकाकांची सही. त्याच आठवड्यात मी दुसरं पत्रक काढलं. पहिलं वाक्य होतं, ‘मागच्या पत्रकात मी एक खोटं वाक्य लिहिलं होतं.’ दादांनी प्लगबद्दल सांगितलं ते लिहून आधी त्यांना वाचून दाखवलं, तळाशी माझं पूर्ण नाव आणि घराचा नंबर दिला. बाबांनी आधी तळाशी पाहिलं, मग चष्मा लावला. “शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत,” म्हणाले. पाणी नेहमीसारखं आलं.

मावशींचे तुटलेल्या पाचांपैकी तीन डबे परत सुरू झाले. दोन गेले ते गेलेच. गादी अजून तिथेच आहे. सोलरसाठी समिती नेमली आहे. तिची बैठक या रविवारी आहे, आणि काल ग्रुपवर नवीन मेसेज आलाय की सोलरच्या घरात फ्रिजमधलं दूध नासतं. त्यावर चौदा अंगठे पडलेत. मी खाली विचारलंय, “हे कोणी लिहिलं?” अजून उत्तर नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, फोन हातात आहेच, तर तो शेवटचा मेसेज उघडा. त्याच्याखाली लिहा की हे मला कोणाकडून कळलं, मी कुठे तपासलं, आणि माझं नाव काय. लिहायला हात अडला, तर ज्यांना ज्यांना तो पाठवलात त्यांना आजच कळवा, की हे खरं आहे का ते मला माहीत नाही. आणि तुमच्या पार्किंगमध्ये कोणाच्या प्लगवर अशी चिकटपट्टी दिसली, तर खाली उतरा आणि सही कोणाची आहे ते विचारा.