कोरे ठेवलेले दोन रकाने

"नावं नाहीत, तर पुढच्या वर्षी करार नाही. जाऊन सांग तिला." माझे बॉस डोलन यांनी रिपोर्ट माझ्या टेबलावर टाकला.

ऐंशीच्या दशकात मी शिकागोजवळच्या एका सरकारी खात्यात कॉन्ट्रॅक्ट मॉनिटर होते. सरकार जी कामं स्वयंसेवी संस्थांकडून करून घेतं, ती नीट होतात का, हे मी बघायचे. हा रिपोर्ट नवऱ्याच्या मारहाणीमुळे घर सोडलेल्या बायकांच्या शेल्टरचा होता. फॉर्मवर नाव आणि जुना पत्ता असे दोन रकाने होते. शेल्टरच्या संचालिका मार्गारेट यांनी दोन्ही कोरे ठेवले होते.

मला रागच आला होता. सरकारची मदत हवी आणि नियम नकोत! त्याच रागात बर्फातून ड्राइव्ह करत शेल्टरवर गेले.

मार्गारेट पूर्वी शाळेत नर्स होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "हा कागद तुमच्याकडे किती जण बघतात?"

टायपिस्ट, मी, डोलन, ऑडिट, फाइल रूम. "सात-आठ. पण सगळे जबाबदार लोक आहेत."

"त्यातलं कुणीच इथल्या बायकांच्या नवऱ्यांना ओळखत नाही, असं लिहून द्याल?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून एक बाई बाळाची बाटली घेऊन बाहेर आली. आमच्या मराठी मंडळातली मेधा. नवरा डॉक्टर, मंडळात मान असलेला. तिच्या भुवईवर टाके होते. मला बघून ती जागच्या जागी थिजली.

"काकू, तुम्ही सरकारकडून आलात? माझं नाव लिहून नेणार?"

"नाही," मी म्हटलं. असा शब्द द्यायचा मला अधिकार नव्हता.

ऑफिसात परतल्यावर डोलनना म्हटलं, "फॉर्मवर नावांऐवजी नंबर घालू. नावं संस्थेच्या कपाटात राहू देत."

"आणि त्यांनी नसलेल्या बायकांचे नंबर दिले तर?"

"मी तिथे जाऊन पडताळेन. सही माझी." मेधाबद्दल मी त्यांनाही काही सांगितलं नाही.

त्यांनी फॉर्मवरचे ते दोन रकाने पेनने खोडले. "तीन महिने. ट्रायल म्हणून."

पुढच्या रविवारी मेधाच्या नवऱ्याचा फोन आला. आवाज अगदी नम्र. "काकू, तुमच्या डिपार्टमेंटकडे शेल्टर्सच्या लिस्ट येत असतील ना? जरा बघता का? मला तिची फार काळजी वाटते हो."

"आमच्याकडे नावं येत नाहीत."

हे खरं होतं, म्हणून सहज बोलता आलं.

बर्फ वितळल्यावर मेधा बाळाला घेऊन दुसऱ्या राज्यात बहिणीकडे गेली. मंडळात तिच्याविषयी बरंच बोललं गेलं. ती कुठे आहे, हे माझ्याकडून कुणाला कळलं नाही. ट्रायल संपल्याचं कुणी जाहीरच केलं नाही. मी रिटायर होईपर्यंत फॉर्मवर नंबरच होते. मार्गारेटशी माझे वाद पुढेही होत राहिले, बहुतेक वेळा फायर एक्झिटवरून, म्हणजे आग लागल्यास बाहेर पडायच्या दारावरून, आणि त्यात सहसा मीच बरोबर असायचे.

संस्थेला काम दिलं की सरकारला प्रश्न विचारायचा हक्क मिळतो. प्रत्येक उत्तर आपल्याच फाइलीत असायला हवं, असं मात्र नाही.