वरच्या दोरीचं भांडण

यकृताचा जुना आजार असलेल्यांची हाडं ठिसूळ का होतात, हा माझ्या संशोधनाचा विषय. त्यासाठी काही वर्षं मी दर महिन्याला मुरुडजवळच्या एका कोळीवाड्यात जात असे. मांडव्याला बोटीतून उतरायचं, अलिबागला एसटी धरायची आणि खिडकीला डोकं टेकून अर्धवट झोपेत समुद्र पाहत जायचं. त्या रस्त्यावर तो मधूनच दिसतो, मधूनच लपतो. ते दिवस आठवले की आधी तो निळा तुकडा डोळ्यांसमोर येतो, मग माणसं.

त्यांतली एक मावशी. पन्नाशीची, काटक. दारूला कधी शिवली नव्हती, पण काविळीच्या विषाणूनं तिचं यकृत हळूहळू निबर केलं होतं. एकदा रक्त काढायला हात पुढे करत ती म्हणाली, "माजं ऱ्हाऊ द्या. आधी माज्या जावंला समजवा. मुद्दाम दोरी वर बांधलीन."

"कुठली दोरी?"

तिनं मला किनाऱ्यावर नेलं. बांबूच्या उंच वलांड्यांवर, म्हणजे खांबांना आडव्या बांधलेल्या दोऱ्यांवर, बोंबील वाळत होते, दोन-दोन, एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवलेले. दुपारच्या उन्हात ते चांदीसारखे चमकत हलत होते आणि त्यांच्यामागे समुद्र पार विरघळल्यासारखा दिसत होता.

"ही वरची. गेल्या हंगामापासून माजा हात पोचत न्हाय. मी तिच्याशी बोलनं टाकलंय."

जाऊ पलीकडेच मासळी पसरत होती. मान वर न करता ती म्हणाली, "बांबू जुनंच, गाठी जुन्याच. मी कशाला वर बांधू?"

मी गाठी पाहिल्या. खाऱ्या वाऱ्यानं त्या दगडासारख्या घट्ट झाल्या होत्या. कितीतरी दिवसांत त्यांना कुणी हात लावलेला नव्हता. मी मावशीच्या पाठीकडे पाहिलं.

तपासणीच्या खोलीवर परत येऊन मी मावशीला भिंतीला पाठ लावून उभं केलं. सहा वर्षांपूर्वीच्या केसपेपरवर तिची उंची लिहिलेली होती. आता ती चार सेंटिमीटर कमी भरली. माझंच चुकलं असेल म्हणून मी तीनदा मोजलं.

"पाठ दुखते का, मावशी?"

"दुकते की. कामाची पाठ ती."

एक्स-रेसाठी अलिबागला जायचं होतं. घरात दुसरं कुणी मोकळं नव्हतं, म्हणून जाऊच सोबत निघाली. दोघी एसटीत एकाच बाकावर बसल्या, पण अलिबाग येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत, असं मला नंतर कळलं.

पुढच्या खेपेला मी ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. बाहेर माडांची झापं हलत होती, त्यामुळे काळ्या फिल्ममधला तिचा कणाही पाण्याखाली असल्यासारखा हलत होता. दोन मणके चेपले होते. कधी मोडले, ते तिलाही कळलं नव्हतं.

"यकृत बिघडलं की हाडंही आतून झिजतात," मी सांगितलं. "दोरी होती तिथेच आहे, मावशी. तुम्ही खाली आलात."

तिनं फिल्मवरच्या त्या दोन मणक्यांवर बोट ठेवलं. मग दाराशी उभी असलेली जाऊ पदर तोंडाला लावून रडू लागली.

"तू कशाला रडतेस? उंची माजी गेली," मावशी म्हणाली. अबोला तिथे सुटला.

यकृतामुळे तिच्या अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या होत्या; हाडांच्या गोळ्यांनी तिथे जखम होऊन रक्तस्राव होण्याचा धोका होता. वर्षातून एकदा सलाईनमधून औषध द्यायचं ठरलं. डोक्यावर टोपली घ्यायची नाही, असं मी बजावलं. ती कुरकुरली, पण टोपली जावेच्या डोक्यावर गेली. गेलेली उंची परत आली नाही, यकृतही होतं तसंच राहिलं. पण माझं काम संपेपर्यंत नवा मणका मोडला नाही.

मला मात्र बरेच दिवस चुटपुट लागून राहिली. इतकी रक्तं तपासली, पण एवढं साधं कधी विचारलं नव्हतं. मग मी प्रश्नावलीत एक ओळ वाढवली: पूर्वी हात पोचायचा तिथे आता पोचतो का? त्यानंतर ज्या ज्या गावी गेले, तिथे बायकांना मी हे विचारत असे. समोर काहीच नसलं तरी त्या आधी नजर वर करत आणि हवेतली कुठलीतरी फळी, कुठलातरी खिळा शोधत क्षणभर तशाच उभ्या राहत.