गुंडीच्या तळाशी

जिन, भूत, करणी असले विषय निघाले की मी सरळ चहा ठेवायला उठते. त्यामुळे हे मी लिहितेय यावर आमच्या घरातच कुणाचा विश्वास बसणार नाही... पण लिहिते.

चंद्रपूरच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे. नवरा माल विकतो, मी मशीनने भांड्यांवर नावं टाकते. माझ्या 'ल'ची शेपूट लांब जाते, त्यावरून नवरा अजून चिडवतो.

काही वर्षांपूर्वी पोंभुर्ण्याकडचे एक धानवाले शेतकरी लग्नाची भांडी घ्यायला आले. सोबत त्यांची मुलगी, काजल. आंदणाच्या भांड्यांवर बहुतेक जण मुलीचं नाव टाकून घेतात. पण काजलचे वडील म्हणाले, "सारे जावयाच्या नावानं टाकजा."

पाणी भरायच्या अरुंद तोंडाच्या गुंडीवर हात ठेवून काजल हळूच म्हणाली, "बाई, या पितळी गुंडीवर तरी माहं टाका ना."

"काऊन?" वडील हसले. "पोरगी म्हणजे परक्याचं धन. घर त्याचं, भांडे त्याचे, अन् तूबी त्याचीच."

आमच्या मुसलमानांत मुलीला 'पराई अमानत' म्हणतात. मीही तेच ऐकत मोठी झाले. असा राग आला... पण गिऱ्हाइकाच्या घरच्या गोष्टीत आपण काय बोलणार? सगळ्यांवर जावयाचं नाव टाकलं. काजल तेवढा वेळ गुंडीत हात घालून उगाच तळ चाचपत बसली होती.

पुढच्या पावसाळ्यात धानाच्या रोवणीत तिला साप चावला. वाचली नाही. हे मला तिच्या वडिलांनीच सांगितलं, दुकानाच्या पायरीवर बसून. तेरवीनंतर ते जावयाकडे ती गुंडी मागायला गेले होते, पोरीची आठवण म्हणून. जावई म्हणाला, "नाव वाचा ना मामाजी, कोणाचं हाये?"

"मीच टाकाले लावलं होतं, बाई," म्हणाले आणि भर बाजारात रडायला लागले. "थो इथी मोडीत घालाले आला तं मले सांगजा."

तो आला. दुसरं लग्न ठरलं होतं, जुनी भांडी देऊन नवी हवी होती. मोड घेताना आम्ही आत कुठे भोक बुजवायला झाळून डाग दिलेला आहे का ते टॉर्चने बघतो. मी गुंडीत टॉर्च मारला... तळाशी नाव होतं. काजल. लांब शेपटीचा ल.

गुंडीत घासायला हात जातो, पण मशीन धरलेली मूठ जात नाही. मी करून पाहिलं, नवऱ्याने करून पाहिलं. बाहेर जावयाचं नाव जसंच्या तसं होतं.

मी वडिलांना फोन केला. ते आले, गुंडी मांडीवर घेतली, आत हात घातला आणि बोटांनी ती अक्षरं चाचपत राहिले.

"तुमीच टाकलं होतं ना, बाई? तिच्यासाठी, लपून?"

मी हो म्हणाले.

"बरं केलं," ते म्हणाले. "म्हणजे रोज घासताना तिच्या हाताले लागत असन."

गुंडी घेऊन ते बसस्टँडकडे गेले. ते नाव तिथे कसं आलं, मला माहीत नाही. ती असताना आलं की ती गेल्यावर, हेही माहीत नाही... निदान तेवढं तरी कळायला हवं होतं.