भित्र्या मामींची हिमालयाची सहल

केळव्याच्या मामींना ज्यांची भीती वाटत नसे अशा गोष्टी फार थोड्या होत्या. पाल, वीज, लिफ्ट, उधाणाचा समुद्र, सुपारीच्या झाडावर चढलेला माणूस, मागून हॉर्न वाजवणारा टेम्पो, या सगळ्यांना त्या सारख्याच घाबरत. आणि घाबरल्या की चारचौघांत मोठ्या आवाजात तसं जाहीर करत. "मला भ्या वाटतंय हां, आदीच सांगते." पालघरला एका ओळखीच्यांच्या नव्या घराची वास्तुशांत होती. सगळे लिफ्टने वर गेले. मामी खालीच थांबल्या, आणि आम्ही परत येईपर्यंत वॉचमनला "सगळी पोचली असतील ना रे?" असं विचारून त्यांनी त्यालाही घाबरवून ठेवलं.

मी याच्या अगदी उलट. भीती वाटली की माझं तोंडच बंद होतं. चेहऱ्यावर फक्त शाळेतल्या बाईंना शोभेल असं हसू. बोईसरच्या शाळेत इतकी वर्षं शिकवताना हे हसू मला फार उपयोगी पडलं. मामींना मात्र ते लांबूनसुद्धा ओळखू यायचं, आणि मला त्याचाच राग यायचा.

मामी तशा आमच्यातल्या कुणाच्याच मामी नव्हत्या. केळव्याला त्यांची वाडी होती. तिथल्या खोल्या त्या शनिवार-रविवारी मुंबईच्या पाहुण्यांना द्यायच्या. एक पाहुणा दुर्बीण विसरून गेला आणि फोन केल्यावर म्हणाला, "राहू दे तुमच्याकडेच." मामींनी ती उलटसुलट करून पाहिली, डोळ्यांना लावली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना जगाकडे बघायची एक बिनधोक जागा सापडली. "लांबून बगायचं, जवळ जायचं नाय. असला खेळ मला चालतो," असं त्या म्हणायच्या. मग आमची रविवारची टोळी जमली. दातिवऱ्याच्या खाडीवर ओहोटीला चिखलात चोची खुपसत फिरणारे पक्षी बघायचे आणि मामींच्या पडवीत येऊन पोहे खायचे, एवढाच कार्यक्रम.

हिमालयाचं खूळ कुणाच्या तरी डोक्यातून त्या पडवीतच निघालं. तिथली जंगलं, तिथले पक्षी, बुरांसाची लाल फुलं, लाकडी देवळं, गावच्या देवांच्या पालख्या. सगळ्यांनी मान डोलावली आणि मग सगळ्यांनी एकदम मामींकडे बघितलं. कुणीतरी फिस्सकन हसलंही. मामी म्हणाल्या, "मी येते. पन सहल मी ठरवनार. दुसऱ्यानं ठरवलेल्या वाटेला मला जास्त भ्या वाटते."

आणि त्यांनी ती ठरवली. आम्ही कुठला पक्षी कुठल्या महिन्यात दिसतो ते शोधत बसलो होतो, आणि मामी फोन लावत होत्या. त्यांचा प्रश्न एकच असायचा आणि तो त्यांच्या खास हिंदीत असायचा. "हॅलो, आपके उधर लोग किसको डरता है?" पहिल्याने फोनच ठेवून दिला. दुसरा हॉटेलवाला गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, यहाँ डरने की कोई बात नहीं." मामींनी ते हॉटेल तिथल्या तिथे रद्द केलं. आम्ही कुरकुरलो, कारण त्याच्या खोलीतून बर्फाचे डोंगर दिसायचे. "भ्यायचं काय नाय बोलतो त्याला नायतर ठावं नाय, नायतर तो खोटं बोलतो," मामी म्हणाल्या आणि पुढचा नंबर फिरवला.

तिसऱ्या ठिकाणी, उत्तराखंडातल्या एका खोऱ्यातल्या गावात, घरमालकाच्या बायकोने फोन घेतला. मामींचा प्रश्न ऐकून ती आधी खूप हसली आणि मग सांगतच सुटली. मक्याच्या दिवसांत शेतात अस्वल येतं. पाऊस झाला की वरून दगड येतात. जंगलात एक देवीची जागा आहे, तिथे कुणी मोठ्याने बोलत नाही. नदीच्या वरच्या अंगाला धरण आहे, पाणी सोडताना भोंपू वाजतो, तेव्हा काठ सोडून वर पळायचं. आणि पहाटे शीळ घालणारा निळा पक्षी असतो, त्याला मात्र कुणी घाबरत नाही. मामींनी हे सगळं पडवीत आम्हाला साग्रसंगीत ऐकवलं. त्या एका फोनमुळे त्या गावचं देव-देऊळ, शेत, नदी सगळं आम्हाला न बघताच ओळखीचं झालं होतं. पण तेव्हा आम्ही पोहे खात होतो आणि हसत होतो.

मग मामींनी आमच्याकडे मोर्चा वळवला. सहलीत कोण कशाला भितं ते त्यांना आधी हवं होतं. कुणी थंडीला, कुणी तिथल्या संडासांना, बँकेतले आमचे एक मित्र बायकोला. माझी पाळी आली तेव्हा मी ते शाळेतलं हसू हसले आणि म्हटलं, "मला कशाचीच नाही."  मी निघाले तेव्हा मामी वाडीच्या फाटकापर्यंत आल्या आणि स्कूटरचं हँडल धरून उभ्या राहिल्या. "बाय, तुजं राहिलं."

मी तिथे, भर दुपारी, हेल्मेट डोक्यात असताना रडले आणि सगळं सांगून टाकलं. आई गेल्यापासून बाबा बोलत नव्हते. नोकरीची सगळी वर्षं तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कॉलनीत काढलेला माणूस, गप्पिष्ट, क्रिकेटवेडा. आता माझ्याकडे बोईसरला खिडकीशी बसून असायचे. एक दिवस रिक्षा करून ते समुद्रावर गेले आणि भरती चढत असताना खडकावर बसून राहिले. दोन कोळ्यांनी दंडाला धरून त्यांना बाहेर आणलं. घरी आल्यावर म्हणाले, "लक्षात आलं नाही." मला त्यातलं एक अक्षरही खरं वाटलं नव्हतं. तेव्हापासून मी शाळेत फळ्याकडे तोंड करून उभी असले तरी कान फोनकडे असायचे. नवऱ्यालासुद्धा मी हे नीट सांगितलं नव्हतं. बाबांना ठेवून मी हिमालयात कशी जाणार होते?

"त्यांना घेऊन चल," मामी म्हणाल्या.

"मामी, तिथे दऱ्या आहेत. मी काय त्यांचा हात बांधून फिरू?"

"हितं समुद्र हाय. समुद्राला कुंपन हाय काय? तिथं निदान आमी सगळी असू."

बाबा आले. नको म्हणण्याइतकंही त्यांना बोलायचं नव्हतं, म्हणून आले असावेत. डोंगरात गाडी चढायला लागली आणि मामींनी डोळे मिटले ते मुक्कामी उघडले. प्रत्येक वळणाला "मला भ्या वाटतंय" हा गजर चालू. "भाऊ, तुमी माझ्या बाजूला बसा. मला खिडकीकडं बसवत नाय," असं म्हणून त्यांनी बाबांना रोज आपल्याशेजारी बसवलं. वाटेत जो देव लागेल त्याच्यापुढे त्या केळव्याची एक सुपारी ठेवायच्या आणि हात जोडून त्याला मराठीत सगळी परिस्थिती समजावून सांगायच्या. फोनवरची ती बाई भेटली तेव्हा दोघी सख्ख्या बहिणींसारख्या गळ्यात पडल्या. देवीच्या जागेत आम्ही तोंडातून आवाज न काढता गेलो आणि तिथेच, एका ओंडक्यामागून, मोनाल नावाचा रंगीबेरंगी पक्षी शांतपणे चालत गेला. बाकीच्यांनी डोळे भरून बघितला. मी बघत होते ती बाबांची पावलं. वाट जिथे तुटायची तिथे ते कड्याशी जाऊन उभे राहायचे आणि मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहायचे. त्या सहलीत मी पक्षी कमी आणि बाबाच जास्त बघितले.

एका सकाळी आम्ही नदीवर गेलो. आमचा ड्रायव्हर मैदानी मुलखातला. त्याने गाडी पार गोट्यांच्या पात्रात उतरवली आणि स्वतः वर रस्त्याला चहा प्यायला गेला. पाण्यातल्या दगडावर एक राखी पक्षी लाल शेपूट उघडमीट करत बसला होता. सगळ्यांच्या दुर्बिणी त्याच्यावर, आणि तेवढ्यात सायरन वाजला.

आम्ही बोईसर-तारापूरकडची, अणुभट्टीच्या शेजारची माणसं. सायरन झाला की घरात जायचं, दारं-खिडक्या लावायच्या, नाकाला ओला रुमाल धरायचा, हे आम्हाला शाळेपासून घोटून घोटून शिकवलेलं. मी स्वतः ते दरवर्षी पोरांना शिकवते. कुणी कुणाला काही विचारलं नाही. सगळे पळत गाडीत शिरलो, काचा बंद केल्या, बाटलीतल्या पाण्याने रुमाल भिजवले. मामी सगळ्यांत पुढे होत्या, पदराचा बोळा नाकाशी धरून. आज हे सांगताना हसू येतं. तेव्हा त्या बंद गाडीत आम्ही सगळे नाकाला रुमाल लावून एकमेकांचे डोळे बघत बसलो होतो.

"त्या बाया बगा," मामी एकदम म्हणाल्या. काठावर घोंगड्या धुणाऱ्या बायका सगळं तिथेच टाकून वर चढत होत्या. एक तर वासराला कानाला धरून ओढत होती. मामींच्या तोंडावरचा पदर गळला. "अरे देवा, ह्यो तो भोंपू! वर पळा! वर!"

मी कशी चढले मला आठवत नाही. कुणाचा तरी हात धरला होता आणि तो बाबांचा असं मी धरून चालले होते. वर पोचून बघते तर तो बँकेतल्या मित्रांचा. खाली गाडी उभी होती, दार बंद होतं, आणि काचेआड बाबा होते. मी ओरडायला तोंड उघडलं. आवाजच निघाला नाही. अर्ध्या चढावर पोचलेल्या मामींनी मागे वळून बघितलं, आणि ती गुडघे दुखणारी, पालीला घाबरणारी बाई घसरत, बसत खाली उतरली. त्यांनी दार उघडलं, आत गेल्या, आणि दार पुन्हा बंद झालं.

त्या बंद दाराइतकं मी आयुष्यात कशालाच घाबरलेली नाही. नदीचा रंग बदलत होता. तो पक्ष्याचा दगड दिसेनासा झाला. बँकेतल्या मित्रांनी मला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. मग दार उघडलं आणि पाण्यातून पाय ओढत दोघं वर आली. पुढे थोड्याच वेळात ती रिकामी गाडी हळूच आडवी झाली.

"बाबा, उतरला का नाहीत?" मी त्यांना गदागदा हलवत विचारलं. "सायरन झाला की आत बसायचं असतं," ते म्हणाले. सुटकेच्या भरात सगळे हसले. मीही हसले, कारण मला तेच खरं असायला हवं होतं. फक्त मामी हसल्या नाहीत. ओल्या लुगड्याने दगडावर बसून त्या नुसत्या कापत होत्या. मामींनी बाबांना ओढून आणलं, ही गोष्ट आमच्या टोळीत पुढे पुष्कळदा रंगवून सांगितली गेली. मामी म्हणायच्या, "ओडायला काय मी रेडा हाय?" आणि विषय बदलायच्या.

त्यानंतर त्यांनी सहल काढली नाही. बाबा मात्र रविवारी केळव्याला यायला लागले. आधी नुसते बसायचे, मग मामींशी क्रिकेटवर भांडायला लागले, ज्यातलं मामींना काही कळत नव्हतं.

गेल्या वर्षी मामी गेल्या. ताप काय आला, आणि आठवड्याभरात खेळ आटोपला. केळव्याहून परत येताना रिक्षात बाबा बाहेर बघत होते. मग म्हणाले, "त्या दिवशी सायरन कसला आहे ते मला कळलं होतं. पळणाऱ्या बायका मलाही दिसल्या होत्या."

मी वळून त्यांच्याकडे बघितलं. 

"म्हटलं, आता बसू या. तेवढ्यात त्या आत आल्या. मला वाटलं ओरडतील, हाताला धरून ओढतील. त्यांनी दार लावून घेतलं आणि माझ्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, भाऊ, मला जाम भ्या वाटतंय. पन तुमी बसनार असाल तर मी बी बसते." बाबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "नुसतं म्हणायला नाही गं, खरंच बसल्या होत्या. इतक्या थरथरत होत्या की सगळी सीट हलत होती. पाणी चाकाला लागलं तरी उठेनात. मग मलाच भीती वाटायला लागली, या बाईचं काय होईल म्हणून. मी म्हटलं, चला मामी. दार मी उघडलं."